ठिणगी वेळेवर येईना

आठवडा सरत आला तरी ठिणगी काही वेळेवर येईना, आणि कॅमेरा तर संध्याकाळी परत जायचा होता.

ताईचा जीव टांगणीला लागला होता. घरात ती थोरली म्हणून ताई. प्रयोगशाळेतल्या मामांनी ते नाव तिच्या भावाच्या तोंडून एकदा ऐकलं, आणि तेव्हापासून इथेही ती सगळ्यांची ताईच झाली. मामा म्हणजे यंत्रावरचे जुने तंत्रज्ञ. त्यांना मामा म्हणायला सुरुवात कुणी केली हे मात्र आता कुणालाच आठवत नव्हतं.

जागा म्हणाल तर गोदामासारखी उंच शेड. मधोमध जाळीचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत समोरासमोर दोन पितळी गोळे, एक धन, एक ऋण, मोठ्या संत्र्याएवढे, घासून आरशासारखे केलेले. त्यांच्यामध्ये जेमतेम अंगठा मावेल एवढी फट. मागे विजेचा साठा करणारा मनोरा. मामांनी टेबलावरची कळ दाबली की तो सगळा साठा एका झटक्यात गोळ्यांवर यायचा, फटीतली हवा फाटायची आणि काड्कन आवाज होऊन एक निळी-पांढरी रेघ या गोळ्यापासून त्या गोळ्यापर्यंत चमकून जायची.

ताईला त्या रेघेचं काही विशेष नव्हतं. रेघ कुणालाही दिसते. तिला बघायचं होतं ते रेघेच्या आधीचं. ठिणगी ही ठिणगी होण्याआधी काय असते? ती धातूतून उडी मारून बाहेर येते, की धातूच्या पुढ्यातल्या हवेतच तयार होते?

यावरून तिचं आणि सरांचं गेली कित्येक वर्षं वाजत होतं. सर प्रयोगशाळेचे प्रमुख. ती त्यांच्याच हाताखाली शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. सर म्हणायचे, "पृष्ठभाग कितीही घास, कुठेतरी एखादं कुसळ राहतंच. तिथे विजेचा ताण एकवटतो आणि तिथून ठिणगी निघते." ताई म्हणायची, "निघत नाही सर, जमते. हवेत जमते." हा वाद इतका मुरलेला होता की आतून येणाऱ्या आवाजांवरून मामा ओळखायचे, आत्ता चहा न्यावा की जरा दम धरावा.

वाद मिटवू शकेल असा कॅमेरा दुसऱ्या एका संस्थेकडे होता. त्याची झडप इतकी चपळ, की माणसाची पापणी एकदा लवेपर्यंत ती कोट्यवधी वेळा उघडून मिटली असती. सरांनी जुन्या ओळखीवर तो आठवड्याच्या बोलीवर आणला होता. ताईचं म्हणणं खोटं ठरावं म्हणून आणला होता असं ते स्वतःच हसत सांगायचे, पण आणला होता खरा.

अडचण एवढीच, की झडप चपळ असली तरी ती नेमकी कधी उघडायची हे आधी ठरवावं लागायचं. कळ दाबल्यावर ठिणगी ठरल्या वेळी आली तरच ती पकडता येणार. आणि ठिणगी तर मनाची राणी. कधी झडप उघडायच्या आधीच येऊन गेलेली, मग पडद्यावर नुसता पांढरा भडका. कधी इतकी रेंगाळणार की पडदा काळाकुट्ट, आणि ठिणगी मागाहून निवांत काड्कन वाजणार.

गोळे घासून झाले. तारा बदलून झाल्या. वेळ साधणारं सर्किट उघडून पुन्हा जोडून झालं. गोळ्यांवर अतिनील किरण सोडणारा दिवाही रोज न चुकता लावत होते. ठिणगीला वेळेवर आणायचं काम खरं त्याचंच. कोपऱ्यातल्या पेटीत तो निळसर जांभळा जळत असायचा. तरी ठिणगीचं आपलं तेच. आणि आज, शेवटच्या दिवशी सकाळी, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं कुंपणाच्या फाटकाची बिजागरी तुटली. फाटक बंद झाल्याशिवाय मनोऱ्यात वीज भरायचीच नाही, अशी त्या यंत्राची रचना होती.

ताईने भावाला फोन लावला.

धाकट्याला घरात भोवरा म्हणायचे. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ. आता त्याचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान होतं, पण नाव तेच राहिलं होतं. तो आपली गाडी घेऊन आला, मशीन उतरवलं, बिजागरी बघितली आणि म्हणाला, "एवढ्यासाठी मला हातातलं काम टाकून यायला लावलंस? मला वाटलं तुझा मनोरा कोसळला."

"मनोरा कोसळला असता तर तुला नसतं बोलावलं. बोलू नकोस, लाव लवकर."

"त्या गोळ्यांच्या मागेच आहेस का अजून?"

"हो."

"बघ बाबा. एवढ्या वर्षांत लोकांची लग्नं होऊन त्यांची पोरं शाळेत गेली, आणि तुझी दोन गोळ्यांमधली फट काही बुजेना."

मामा खोकल्यासारखं करून हसले. ताईलाही हसू आलं, पण तिचे पाय एका जागी ठरत नव्हते. भोवरा कोण आणि ताई कोण, तेच कळेनासं झालं होतं. फाटक झालं, बंद करून बघितलं, खटका नीट बसला. मामा भोवऱ्याला म्हणाले, "आलाच आहात तर अंगणातल्या लोखंडी शिडीच्या पायऱ्याही बघा ना. दोन हलतायत, कुणाची तरी कंबर मोडायची." भोवऱ्याने मशीन बाहेर नेलं. शेडमध्ये उकडत होतं, म्हणून अंगणाकडचं मोठं पत्र्याचं दार वर करून ठेवलं होतं. शिडी बरोबर त्या दारासमोर आडवी पाडून तो कामाला बसला.

आत पुन्हा सुरुवात झाली. मामा मीटरवर नजर ठेवून म्हणायचे, "भरलं," आणि मग, "सोडू?" ताई पडद्याकडे बघत म्हणायची, "सोडा."

काळं. पुन्हा काळं. मग पांढरा भडका.

सर मागे हाताची घडी घालून उभे होते. म्हणाले, "मी त्यांना फोन करून अजून दोन दिवस मागू का?"

"ते देणार नाहीत. पुढे कुणीतरी रांगेत आहे."

"मग राहू दे. पुन्हा कधीतरी." हे ते मायेने बोलले, आणि म्हणूनच ताईला ते जास्त लागलं.

"सोडू?" मामांनी विचारलं.

"सोडा."

काड्कन आवाज झाला आणि पडद्यावर ठिणगी होती. भडका नाही, काळोख नाही. गोळ्यांच्या मधोमध काठ स्पष्ट असलेली, हातात धरावी अशी रेघ.

"नशीब," सर म्हणाले.

"पुन्हा सोडा, मामा."

पुन्हा तीच रेघ, त्याच वेळेला. तिसऱ्यांदाही. मामा स्वतःच मीटरवरून मान वळवून बघायला लागले. चौथ्यांदा, पाचव्यांदा, एकामागोमाग एक, शाळेतली मुलं रांगेत यावीत तशा ठिणग्या आल्या. ताई खुर्चीवरून कधी उठली ते तिलाही कळलं नाही. काय बदललं? गोळे तेच, तारा त्याच, हवा तीच. आपण काय केलं?

आणि मग काळं. पुन्हा काळं. मग भडका.

"गेलं," मामा म्हणाले.

ताईने कानोसा घेतला. कुठेतरी काहीतरी थांबलं होतं. इतका वेळ कानावर पडणारा कसलासा आवाज आता पडत नव्हता. तिने दाराकडे बघितलं. अंगणात भोवरा मुखवटा कपाळावर सारून बाटलीने पाणी पीत होता. तो बाटली ठेवेपर्यंत ती त्याच्यापाशी पोचली होती.

"वेल्डिंग कर," ती म्हणाली.

"अगं, घोटभर पाणी तरी पिऊ दे."

"पी. मग मी हात वर केला की सुरू कर, खाली केला की थांब. काही विचारू नकोस."

"एरवी तरी तू मला कधी विचारू दिलंस?" असं म्हणत त्याने मुखवटा खाली ओढला.

ताई धावत आत आली. हात वर. अंगणात चर्रर्र करून पांढराशुभ्र उजेड पेटला. "सोडा." रेघ, वेळेवर. हात खाली. उजेड विझला. "सोडा." काळं. हात वर. रेघ. हात खाली. भडका. मामांच्या कपाळावर घाम आला होता. ते म्हणाले, "ताई, ही तुमच्या भावाची ठिणगी आहे. त्याचंच ऐकते."

सर मात्र इतक्यात विरघळणारे नव्हते. "थांब. वेल्डिंग मशीन म्हणजे केवढा विजेचा गोंगाट. तो गोंगाट आपल्या तारांत शिरतोय आणि सर्किटला धक्का देतोय. त्याचा ठिणगीच्या जन्माशी काही संबंध नाही."

शंका रास्त होती. ताईचा उत्साह तरीही तसूभर कमी झाला नाही, उलट तिला चेवच आला. तिने अंगणात जाऊन एक पत्र्याचा तुकडा उचलला आणि भोवऱ्याच्या आणि दाराच्या मध्ये शिडीला टेकवून उभा केला. "आता याच्या आडून कर. मशीन तेच, जागा तीच. फक्त उजेड आत जाता कामा नये."

पत्र्याआडून चर्रर्र सुरू झालं. गोंगाट होता तेवढाच होता. आत ठिणगी पुन्हा आपल्या मर्जीने यायला लागली. पत्रा काढला, ती वेळेवर. पत्रा लावला, ती लहरी. ताईने हे इतक्या वेळा करायला लावलं की भोवरा बाहेरून ओरडला, "ताई, माझ्या शिडीची चाळण होईल."

"उजेड," सर हळूच म्हणाले.

"उजेडच," ताई म्हणाली. "अतिनील किरण. ते ऋण गोळ्यावर पडतायत आणि त्याच्यातून इलेक्ट्रॉन सुटे करतायत. ठिणगीला सुरुवात करायला फटीत एक तरी सुटा इलेक्ट्रॉन लागतो. तो मिळेपर्यंत ती थांबते. कधी लगेच मिळतो, कधी मिळतच नाही. म्हणून तिची वेळ चुकते."

"हे मला ठाऊक आहे. म्हणून तर आपला दिवा आहे."

दोघांनीही एकदमच कोपऱ्याकडे बघितलं. दिवा आपल्या पेटीत निळसर जांभळा, शांतपणे जळत होता.

"मग आपला दिवा करतोय काय?" ताई म्हणाली.

मनोऱ्याची वीज जमिनीत उतरवून, दिवा विझवून ती कुंपणात शिरली. पेटीच्या तोंडाला गोल चकती होती. तिने ती नखाने वाजवली, तिच्या काठावर बोट फिरवलं. "मामा, ही चकती कधी बदलली?"

मामा फाटकात उभे होते. "कॅमेरा यायच्या आधी मीच बदलली. आधीची पुसताना तडकली होती. धूळ जाऊ नये म्हणून काचवाल्याकडून अगदी मापात कापून आणली. का? दिवा तर छान लागतोय."

"दिवा छान लागतोय, मामा. पण आधीची काच नव्हती. ती क्वार्ट्झची चकती होती. साध्या काचेतून दिसणारा उजेड जातो. आपल्याला हवा तो, न दिसणारा, काच अडवते."

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे आठवडाभर आपण जे गोळे घासतोय…"

"काखेत कळसा," सर म्हणाले, आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या एकट्याच्या काखेत नव्हता, मामा. मी रोज सकाळी त्या दिव्याकडे बघून समाधानाने मान हलवत होतो."

ताईने खात्री करायचं सोडलं नाही. मामांची तीच काच काढून ती भोवऱ्याच्या उजेडासमोर धरायला लावली. काच एवढीशी, म्हणून पत्र्याला भोक पाडून त्यावर ती बसवली. आधी नुसतं भोक ठेवून बघितलं, ठिणगी वेळेवर. मग भोकावर काच. उजेड भोकातून पहिल्यासारखाच आत येत होता, समोरच्या भिंतीवर त्याचा लख्ख गोल पडला होता, आणि ठिणगी मात्र लहरी झाली. भोवऱ्याने मुखवटा वर करून त्या काचेतून आरपार बघितलं, बोट लावून बघितलं.

"यातून तर सगळं दिसतंय," तो म्हणाला.

"तुला दिसतंय. गोळ्याला नाही."

आता भोवऱ्याची गरज उरली नव्हती. काच काढलेला दिवाच पुरे होता. त्याच्यासमोर ठिणगी सुतासारखी सरळ झाली. "तू जाऊ शकतोस," ताईने सांगितलं. पण भोवऱ्याने मशीन बंद केलं, हातमोजे काढून खिशात कोंबले आणि टेबलाजवळचं स्टूल ओढून बसला. तो असा निवांत एका जागी बसलेला तिने जन्मात पाहिला नव्हता.

"एवढं करून घेतलंस तर आता दाखव तरी," तो म्हणाला.

तिने दाखवलं. ठिणगी हाताशी आली होती. आता झडप थोडीथोडी आधी उघडायची, म्हणजे ठिणगीच्या म्हातारपणाकडून तिच्या बाळपणाकडे मागे मागे जायचं. पहिल्या चित्रात रेघ जाड होती. मग बारीक झाली. मग फिकी. मग रेघ मध्येच तुटल्यासारखी दिसली. ताईला पडद्यावरून नजर हलवायची नव्हती, म्हणून आकडे फिरवायचं काम तिने सरांना दिलं.

"अजून मागे," ती म्हणाली.

"सोडू?"

"सोडा."

पडद्यावर दोन गोळ्यांचे काठ अंधुक दिसत होते. त्यांच्यामध्ये, धन गोळ्याकडे जरा सरकलेला, पण त्याला न टेकलेला, एक छोटासा उजेडाचा ठिपका होता. तांदळाच्या दाण्यासारखा लांबट. त्याच्या या बाजूला काळोख होता आणि त्या बाजूलाही काळोख. दोन्ही गोळे कोरडे ठणठणीत, आणि मध्ये अधांतरी तो दाणा.

इतकी वर्षं तिने हे कागदावर मांडलं होतं, सरांसमोर हातवारे करून समजावलं होतं, आणि तिला स्वतःलाही कधीकधी वाटायचं की आपण हट्टाने बोलतोय. आता ते समोर होतं, आणि तिने कल्पना केली होती त्याहून कितीतरी लहान, कितीतरी देखणं होतं.

"मला सांग ना काय आहे ते," भोवरा म्हणाला.

ती सांगायला लागली आणि शब्द एकमेकांवर आदळायला लागले. "ऋण गोळ्यातून एक इलेक्ट्रॉन सुटतो. एकच, समज. समोरचा गोळा त्याला ओढतो. वाटेत तो हवेच्या कणाला धडकतो आणि त्यातून अजून एक सुटा करतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पुढे जाईल तसा घोळका वाढतो. कोटींनी होतात. आणि एका ठिकाणी तो घोळका इतका दाट होतो की त्याची स्वतःचीच ओढ गोळ्यांच्या तोडीची होते. मग तो गोळ्यांचं ऐकेनासा होतो. तिथे उजेड पेटतो, आणि तिथून दोन्हीकडे धावत सुटतो."

"म्हणजे अफवा," भोवरा म्हणाला.

"काय?"

"एका घरातून एक शब्द बाहेर पडतो. त्या घरात कुणाला पत्ता नसतो. बोभाटा होतो तो पुढच्या चौकात. आणि मग चौकातून तो दोन्हीकडे पळतो, ज्या घरातून निघाला तिथेही उलटा येऊन धडकतो."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली, मग मोठ्याने हसली. "तसंच. अगदी तसंच."

सर हसले नाहीत. ते पडद्यापाशी वाकून त्या दाण्याकडे बघत होते. "हे प्रतिबिंब असू शकतं," ते म्हणाले. "गोळे आरशासारखे आहेत. धन गोळ्यावरच्या एखाद्या कुसळापाशी उजेड असेल आणि आपल्याला तो पुढे दिसत असेल."

"मग व्होल्टेज कमी करून बघू," ताई म्हणाली. तिने हे इतक्या झटक्यात म्हटलं की जणू ती या प्रश्नाची वाटच बघत होती. "ताण कमी झाला तर घोळका सावकाश वाढेल. दाट व्हायला त्याला जास्त अंतर लागेल. म्हणजे दाणा धन गोळ्याच्या आणखी जवळ सरकायला हवा. प्रतिबिंब असेल तर ते कशाला सरकेल? आणि व्होल्टेज वाढवलं, तर दाणा मागे यायला हवा, मधोमध."

सरांनी तिच्याकडे बघितलं. "आणि नाही सरकला तर?"

"तर मी हरले. आजच हरले."

मामांनी व्होल्टेज उतरवलं. वेळ पुन्हा जुळवायला लागली, दोनचार चित्रं वाया गेली. अंगणात कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. कॅमेरा न्यायला आलेला ड्रायव्हर होता. ताईने ऐकलं आणि मान वळवली नाही.

"भरलं. सोडू?"

"सोडा."

दाणा होता. धन गोळ्याला जवळजवळ चिकटलेला, मध्ये काळोखाची केसाएवढी कड.

"वाढवा."

मामांनी वाढवलं. ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला होता, हातात गेटपास. भोवऱ्याने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं.

"सोडा."

दाणा मधोमध होता. दोन्ही गोळ्यांपासून लांब, मोकळ्या हवेत, दोन्ही टोकांना जरासे फाटे फुटायला लागलेला.

सर सरळ उभे राहिले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला, आणि तो दाणा अजून तिथेच आहे का ते बघितलं. मग म्हणाले, "जमते. निघत नाही."

ताईला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण काहीतरी मोठं बोलू. तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "पण सर, पहिला इलेक्ट्रॉन धातूतूनच निघाला. दिव्याचा उजेड पोचत नव्हता तेव्हा वेळेवर काहीच होत नव्हतं. तुमचा पृष्ठभागही खराच."

"माझं सांत्वन करू नकोस. मी आज तुझ्याइतकाच खूश आहे," सर म्हणाले, आणि ते खरंच होतं, त्यांचे कान लाल झाले होते. "अजून एक कर. गोळ्यांच्या धन-ऋणाची अदलाबदल. उजेड धन गोळ्यावर पडू दे. तुझं खरं असेल तर ठिणगी पुन्हा लहरी होईल."

"होणारच. धन गोळ्यातून सुटलेला इलेक्ट्रॉन लगेच ओढला जाऊन त्याच्याच पोटात जाईल."

"बोलू नकोस, करून दाखव."

ड्रायव्हरने गेटपासकडे बघितलं, मग या चौघांकडे. "साहेब, मला सांगितलंय संध्याकाळच्या आत…"

"संध्याकाळ अजून झालेली नाही," सर म्हणाले. "बसा. मामा, यांना चहा."

"मामा कुठे जाणार, मामांना कळ दाबायचीय," मामा म्हणाले. शेवटी चहा सरांनीच आणला, आणि तो इतका गोड झाला होता की ड्रायव्हरने दोन घोटांनंतर कप खाली ठेवला.

धन-ऋण बदललं. ठिणगी लहरी झाली. पुन्हा पहिल्यासारखं केलं, ती वेळेवर. दर वेळी ताई नवीन काहीतरी सुचवत होती, फट कमी करू, गोळा जरा तिरका करू, आणि दर वेळी सर म्हणत होते, "हे शेवटचं," आणि पुढच्याला स्वतःच आकडे फिरवत होते. सगळी चित्रं दोन ठिकाणी साठवून ठेवल्याची ताईने स्वतः खात्री केली, मगच कॅमेऱ्याला हात लावू दिला.

पेटीत फोम भरताना ड्रायव्हरने पडद्याकडे हनुवटीने खूण केली. "हे असं काय आहे त्यात, एवढं बघण्यासारखं?"

ताई तोंड उघडणार इतक्यात भोवराच सुरू झाला. "हे बघा, ही अफवा आहे. या गोळ्यातून एक इलेक्ट्रॉन निघतो. रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटतो. इथे आला की गर्दी. गर्दी झाली की पेटलं. ते पेटलेलं इकडे पळतं, तिकडे पळतं, दोन्हीकडे सारख्याच वेगाने."

"सारख्या नाही," सर म्हणाले. "धन गोळ्याकडे आधी पोचतं."

"ते जवळ असेल तर, सर," ताई म्हणाली. "मधोमध असेल तर कुठलं टोक जास्त वेगाने पळतं ते अजून आपल्याला माहीत नाही."

"का नाही माहीत? चित्रावरून दिसतंय."

"एका चित्रावरून? फाटे तर ऋण बाजूला जास्त आहेत."

"फाटे जास्त म्हणजे वेग जास्त असं कोण म्हणालं?"

मामांनी आवाज ऐकला, अंदाज घेतला, आणि ते चहाचं भांडं घेऊन निघाले. ड्रायव्हर आणि भोवऱ्याने मिळून पेटी उचलली. जड होती, दोघं तिला नवजात बाळासारखी सांभाळत, पावलं मोजत दाराबाहेर घेऊन गेले. आत सर खडू शोधत होते आणि ताई फळा पुसत होती, हाताने, कारण फडकं सापडेपर्यंत थांबायला तिला वेळ नव्हता.